फाईलवर लिहिले होते ‘मध्यम’

फाईलच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत दोनच शब्द होते : ‘सीओपीडी, मध्यम’. ती फाईल काखेत धरून आलेले गृहस्थ दारापासून खुर्चीपर्यंत चालले आणि पुढची दोन मिनिटे त्यांना बोलता आले नाही. हात गुडघ्यांवर टेकलेले, ओठ चंबूसारखे करून श्वास हळूहळू बाहेर सोडणे चाललेले. शेवटी त्यांच्या पत्नीच बोलल्या. “वर्षात तीनदा झालंय हे. एकदा सहा दिवस ॲडमिट होते. आणि रिपोर्टात म्हणे मध्यम. मग गंभीर म्हणजे काय असतं, डॉक्टर?”

प्रश्न चिडून विचारलेला होता, पण बिनतोड होता. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अडत जाणारा फुप्फुसाचा दीर्घकाळचा आजार. आजाराची तीव्रता आपण नेमकी कशाने मोजतो आणि श्वासनलिकांमधला दाह त्या मोजमापात कुठे बसतो, हेच या प्रकरणात पाहायचे आहे. आधी एक खुलासा करतो. हा रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही. एकमेकांशी मिळत्याजुळत्या अनेक रुग्णांच्या कहाण्या एकत्र करून तो उभा केला आहे, आणि त्याच्या तपासण्यांचे आकडेही त्या चित्राला साजेसे घेतले आहेत. संशोधनाचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

हकीकत

वय ६३. अठराव्या वर्षापासून सिगारेट, रोज साधारण एक पाकीट. ५८ व्या वर्षी सोडली असे फाईलवर लिहिलेले. म्हणजे चाळीस पॅक-वर्षे. लहानपणी दमा नव्हता, घरात कोणाला नाही, सर्दी-शिंकांचा त्रास नाही. आठेक वर्षांपासून सकाळचा खोकला आणि बेडका, पाच वर्षांपासून चढावर धाप, आणि गेल्या दीड वर्षात सपाटीवरही बरोबरीच्या माणसांच्या मागे पडणे. आता शंभर पावलांवर थांबावे लागत होते.

वर्षातल्या तीन उसळ्यांचा, म्हणजे आजार अचानक बळावण्याच्या प्रसंगांचा, क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो नीट सांगतो. त्याआधी ते तिहेरी औषधाच्या पंपावर होते. त्यात श्वासनलिका दीर्घकाळ सैल ठेवणारी दोन औषधे आणि जोडीला श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड असते. पहिली उसळी आली ती न्यूमोनियासह. छातीच्या एक्स-रेवर उजवीकडे खाली डाग, ताप, रुग्णालयात सहा दिवस, शिरेतून स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक. घरी जाताना पंपातले स्टिरॉइड काढून दोनच औषधे ठेवली गेली. डिस्चार्ज कार्डावर कारण स्वच्छ लिहिले होते : न्यूमोनिया झाला, आणि रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ४०. त्या इतक्या कमी असल्या की पंपातल्या स्टिरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. पुढच्या आठ महिन्यांत आणखी दोन उसळ्या आल्या. दोन्ही वेळा घरीच, दोन्ही वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक.

वाचताना कोणालाही वाटेल की निर्णय बरोबरच होता. मलाही पहिल्या दिवशी वाटले. मी तो ४० चा आकडा माझ्या कागदावर तसाच उतरवूनही घेतला होता.

फुंकरीचा आकडा काय सांगतो

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मोजण्याची तपासणी, पुन्हा केली. पंप दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, १.६२ लिटर. वय, उंची आणि लिंग पाहता अपेक्षित असलेल्या आकड्याच्या ५८ टक्के. पूर्ण जोर लावून बाहेर काढलेली एकूण हवा २.९० लिटर. दोन्हींचे गुणोत्तर ०.५६. पंप देण्याआधीचा आकडा १.४८ होता, म्हणजे वाढ १४० मिलिलिटर, साडेनऊ टक्के. दम्याकडे बोट दाखवणारी, निदान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर इतकी वाढ काही नव्हती.

गुणोत्तर ०.७० च्या खाली म्हणजे अडथळा नक्की. मग पायऱ्या : एफईव्ही-१ अपेक्षितच्या ८० टक्के किंवा जास्त असेल तर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ गंभीर, ३० च्या खाली अतिगंभीर. ५८ म्हणजे मध्यम. निळ्या शाईत लिहिणाऱ्याने काहीही चूक केली नव्हती.

या पायऱ्या सीओपीडीसाठीच्या ‘गोल्ड’ या जागतिक उपक्रमाने रुजवल्या, त्याचा पहिला अहवाल २००१ चा. त्यांचा मोठा फायदा असा की जगभरचे डॉक्टर एका भाषेत बोलू लागले. पण त्या उपक्रमालाच पुढे कळून चुकले की फुंकरीचा एकटा आकडा रुग्णाचे हाल सांगत नाही. २०११ मध्ये लक्षणे आणि उसळ्या जमेस धरल्या गेल्या. २०१७ मध्ये औषध ठरवण्याच्या गटांतून एफईव्ही-१ काढूनच टाकला गेला, तो निदानापुरता आणि पायरीपुरता राहिला. २०२३ मध्ये गट आणखी आटोपशीर झाले. त्या अहवालानुसार वर्षात दोन मध्यम उसळ्या (स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक लागलेल्या), किंवा रुग्णालयात न्यावे लागलेली एक उसळी, एवढे असले की रुग्ण ‘ई’ गटात, मग फुंकर कितीही चांगली असो. आपले गृहस्थ दोन्ही निकषांनी त्यात बसत होते.

आणखी एक मोजमाप मला जास्त बोलके वाटते. २००४ मध्ये मांडलेला ‘बोड’ निर्देशांक. वजन-उंचीचे प्रमाण (बीएमआय), अडथळा, धाप आणि सहा मिनिटांत चाललेले अंतर, चार गोष्टींचे मिळून ० ते १० गुण. जितके जास्त तितका जिवाला धोका जास्त. यांचे प्रमाण २०.४, म्हणून १ गुण. एफईव्ही-१ बद्दल १. धापेची श्रेणी (० ते ४ पैकी) ३, म्हणून २. सहा मिनिटांत ३१० मीटर, म्हणून १. एकूण पाच. त्या पाचांत फुंकरीचा वाटा फक्त एक. बाकीचे चार गुण अशा गोष्टींनी मिळाले होते ज्या स्पायरोमेट्रीच्या कागदावर कधीच दिसत नाहीत.

पत्नीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले. नळ्यांचा अडथळा मध्यम होता, आजार मध्यम नव्हता.

दोन मिलिमीटरच्या आतले जग

उरलेले अर्धे उत्तर मात्र आणखी आत होते.

फुप्फुसातल्या श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या दुभंगत जातात. शेवटच्या काही पिढ्यांतल्या नळ्या दोन मिलिमीटरहून बारीक असतात. एकेक नळी बारीक असली तरी त्यांची संख्या इतकी प्रचंड असते की निरोगी फुप्फुसात हवेला होणाऱ्या एकूण अवरोधात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. सीओपीडीत अवरोध वाढतो तो मुख्यतः याच बारीक नळ्यांत, हे हॉग, मॅकलेम आणि थर्लबेक यांनी १९६८ मध्ये दाखवले. म्हणून हा भाग फुप्फुसाचा मूक प्रदेश म्हणून ओळखला जातो. तिथल्या बऱ्याच नळ्या बंद पडेपर्यंत फुंकरीचा आकडा फारसा हलत नाही. हलतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

२००४ मध्ये हॉग आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले १५९ रुग्णांचे फुप्फुसाचे तुकडे पाहिले. आजाराची पायरी जसजशी वर जात होती तसतशा बारीक नळ्यांच्या भिंती जाड होत होत्या, पोकळीत पेशी आणि कफ मिसळलेला चिकट स्राव साचत होता, आणि गंभीर रुग्णांत तर भिंतीत लसीका पेशींची गाठोडी तयार झालेली होती. म्हणजे दाह आणि तीव्रता यांचे नाते खरे आहे, मोजलेले आहे. बारीक नळीची भिंत थोडी जाड झाली तरी काय होते याचा अंदाज भौतिकशास्त्र देते. हवा शांतपणे वाहत असेल तर अवरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की अवरोध सोळापट.

हा दाह येतो कुठून? धुराने नळीचे अस्तर आणि तिथल्या मॅक्रोफेज पेशी डिवचल्या जातात. त्या इंटरल्युकिन-८ सारखे निरोप पाठवतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. न्यूट्रोफिल इलास्टेज नावाचे विकर सोडतात. ते फुप्फुसाचा लवचीकपणा ज्या तंतूंवर उभा आहे ते तंतू कातरते, कफाच्या ग्रंथींना चेतवते आणि अस्तरावरच्या केसांसारख्या लवांचे काम मंदावते. या विकराला आवर घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन ज्यांच्या रक्तात जन्मतःच फार कमी असते त्यांना कमी वयात फुप्फुस फुगण्याचा आजार होतो, हे लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये नोंदवले, आणि विकराच्या बाजूने हाच मोठा पुरावा ठरला. तोडफोड झाली की दुरुस्ती होते, आणि दुरुस्ती म्हणजे बारीक नळ्यांभोवती तंतूंचा व्रण. तो व्रण कोणत्याही पंपाने सैल होत नाही.

सिगारेट सोडली तरी हा दाह विझत नाही, तो चालूच राहतो. रुग्णाला हे सांगावे की नाही याबद्दल माझे मन नेहमी द्विधा असते. कारण लगेच प्रश्न येतो, “मग सोडून काय उपयोग?” उपयोग मोठा आहे. फुप्फुसाची क्षमता घसरण्याचा वेग जवळजवळ निम्मा होतो. अमेरिकेतल्या ‘लंग हेल्थ स्टडी’च्या अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात सिगारेट कायमची सोडलेल्या पुरुषांचा एफईव्ही-१ वर्षाला सरासरी ३०.२ मिलिलिटरने उतरला, ओढत राहिलेल्यांचा ६६.१ मिलिलिटरने.

आता या चित्रातली अडचण. उतींच्या तुकड्यांत दिसणारे हे नाते जिवंत माणसाच्या बेडक्यात शोधायला गेले की ते फार पुसट होते. बेडक्यातल्या न्यूट्रोफिलचे प्रमाण आणि एफईव्ही-१ यांचा संबंध सापडतो, पण इतका सैल की एका रुग्णापुरता त्याचा उपयोग शून्य. एफईव्ही-१ हा आजवर झालेल्या नुकसानीचा हिशेब असतो, दाह हा आज चाललेला खर्च. खर्च मोजून नुकसान कळत नाही, आणि नुकसान पाहून खर्चाचा अंदाज येत नाही. शिवाय दाह एकाच जातीचा असतो असेही नाही.

चुकीच्या दिवशी काढलेले रक्त

दाहाची जात ओळखायची म्हणून मी पुन्हा त्या ४० कडे वळलो. डिस्चार्ज कार्डाच्या मागे मूळ रिपोर्ट टाचलेला होता. एकूण पांढऱ्या पेशी १३,४००, न्यूट्रोफिल ८६ टक्के, इओसिनोफिल ०.३ टक्के. तारीख पाहिली : भरती होऊन तिसरा दिवस. म्हणजे शिरेतून स्टिरॉइड सुरू होऊन दोन दिवस उलटलेले.

स्टिरॉइडचा डोस गेला की काही तासांतच इओसिनोफिल रक्तातून दिसेनासे होतात. हे वैद्यकाच्या पहिल्या काही वर्षांत शिकवले जाते आणि कामाच्या गडबडीत सगळेच विसरतात. त्या दिवशी जगातल्या बहुतेक कोणाचाही आकडा ४० च्या आसपासच आला असता. तो आकडा रुग्णाबद्दल काही सांगत नव्हता, फक्त सलाईनच्या बाटलीत काय होते ते सांगत होता.

मग जुने कागद मागवले. रुग्णांच्या घरी एक प्लॅस्टिकची पिशवी असते, तिच्यात दहा वर्षांचा इतिहास कोंबलेला असतो. तिच्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीचा रिपोर्ट मिळाला : एकूण पेशी ८,२००, इओसिनोफिल ४.५ टक्के, म्हणजे ३६९. दुसरा त्याहून दोन वर्षे जुना : ७,६०० आणि ५ टक्के, म्हणजे ३८०. दोन्ही वेळा तब्येत स्थिर, दोन्ही वेळा पोटात स्टिरॉइड नाही.

सीओपीडीत ३०० च्या वर आकडा असला तर पंपातल्या स्टिरॉइडने उसळ्या कमी होण्याची शक्यता चांगली, १०० च्या खाली असला तर जवळजवळ नाही, मधल्या पट्ट्यात तारतम्य. या दोन सीमा ठोकून बसवलेल्या भिंती नाहीत. पण ४० आणि ३७० यांत काही मधला पट्टा येत नाही, हे दोन वेगळे उपचार आहेत. २०१४ च्या ‘विस्डम’ चाचणीत जवळपास अडीच हजार रुग्णांचे स्टिरॉइड हळूहळू काढले गेले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फारसे बिघडले नाही. नंतरच्या विश्लेषणात मात्र दिसले की रक्तात इओसिनोफिल जास्त असलेल्यांना आणि आधी वारंवार उसळ्या येणाऱ्यांना ते काढणे महागात पडले. आपले गृहस्थ नेमके त्या कोपऱ्यात उभे होते.

बेडका आणि सीटी

शेवटच्या गोळीनंतर सहा आठवडे जाऊ दिले आणि मग खाऱ्या पाण्याची वाफ देऊन बेडका घेतला. हा प्रकार सगळीकडे होत नाही, वेळखाऊ आहे आणि नमुना तासा-दोन तासांत हाताळावा लागतो. प्रत्येक रुग्णाला त्याची गरजही नसते, बहुतेकांचे रक्तावर भागते. इथे गोंधळ होता म्हणून केला.

इओसिनोफिल ६ टक्के. साधारण ३ टक्क्यांच्या वर जास्तच म्हणायचे. न्यूट्रोफिल ५८ टक्के. जंतुसंवर्धनात हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा जंतू उगवला, स्थिर अवस्थेत, ताप नसताना. म्हणजे श्वासनलिकांत दोन प्रकारचे दाह एकाच वेळी मुक्कामाला होते. एक इओसिनोफिलचा, स्टिरॉइडला दबणारा. दुसरा न्यूट्रोफिलचा, जंतूंच्या जोडीने राहणारा, स्टिरॉइडला न जुमानणारा. न जुमानण्यामागे एक कारण सापडलेले आहे : दाहाची जनुके मिटवण्यासाठी स्टिरॉइडला हिस्टोन डीॲसिटिलेज-२ नावाचे विकर हाताशी लागते, आणि सीओपीडीच्या फुप्फुसात त्याची क्रिया आजाराच्या पायरीनुसार घटत गेलेली असते, असे २००५ मध्ये दाखवले गेले. हुकूम देणारा येतो, पण हुकूम बजावणारा जागेवर नसतो.

सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात थोडी पोकळ जागा, नळ्यांच्या भिंती जाड, आणि खालच्या भागात तीन ठिकाणी नळ्या कफाच्या बुचांनी पूर्ण भरलेल्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशी बुचे रिपोर्टात एका ओळीत संपत. २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात चार हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांचा अभ्यास आला, त्यात मध्यम आणि मोठ्या नळ्या बुजवणाऱ्या बुचांचा मृत्यूच्या वाढत्या प्रमाणाशी संबंध दिसला. तेव्हापासून मी ती मोजतो.

दोन सिगारेटी

उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचे छोटे यंत्र असते. न ओढणाऱ्याचा आकडा सहसा दहा लाखांत सहा भागांच्या आत राहतो. यांचा आला नऊ. मी काही बोललो नाही, आकडा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी पत्नीकडे पाहिले, मग खाली पाहिले. “दोनच,” ते म्हणाले. “पहाटे एक आणि रात्री एक.” पत्नी उठून खिडकीशी गेल्या.

हा प्रसंग नैतिक धड्यासाठी सांगत नाही. त्या दोन सिगारेटींवर पुढचा उपचार अवलंबून होता. वारंवार उसळणाऱ्या न्यूट्रोफिलच्या आजारात दीर्घकाळ ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देणे हा एक पर्याय असतो. २०११ च्या चाचणीत १,१४२ रुग्णांना वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली. उसळ्यांचे प्रमाण दरमाणशी वर्षाला १.८३ वरून १.४८ वर आले. किंमतही होती, ऐकू येणे थोडे कमी झाल्याचे २५ टक्क्यांत आढळले, नुसत्या गोळीच्या गटात २० टक्क्यांत. पण नंतर त्याच माहितीची फोड केली तेव्हा सिगारेट चालू असलेल्यांना जवळजवळ फायदा नसल्याचे दिसले. पंपातल्या स्टिरॉइडचाही परिणाम धुरात कमी पडतो. फाईलवरच्या ‘सोडली’ या शब्दावर विश्वास ठेवून मी ॲझिथ्रोमायसिन लिहिले असते तर वर्षभराचे धोके पदरात घालून हाती फारसे काही दिले नसते.

काय केले

पंपातले स्टिरॉइड परत आणले, मध्यम मात्रेत, तिहेरी पंपातून. हा निर्णय डोळे मिटून घेण्यासारखा नव्हता. न्यूमोनियाचा इतिहास खरा होता. श्वासावाटे स्टिरॉइडने न्यूमोनिया वाढतो हे २००७ च्या ‘टॉर्च’ चाचणीने ठळकपणे दाखवले : तीन वर्षांत संयुक्त औषधावर १९.६ टक्के, औषध नसलेल्या नुसत्या पंपावर १२.३ टक्के. दुसऱ्या पारड्यात २०१८ ची ‘इम्पॅक्ट’ चाचणी, १०,३५५ रुग्णांची. स्टिरॉइड नसलेल्या दुहेरी पंपावर वर्षाला १.२१ उसळ्या, तिहेरीवर ०.९१. ही सरासरी झाली. इओसिनोफिल जास्त असतील तर फरक वाढतो. वर्षात तीन उसळ्या आणि ३७० पेशी, म्हणून पारडे स्टिरॉइडकडे झुकले. पती-पत्नी दोघांनाही दोन्ही आकडे सांगितले, आणि ताप किंवा छातीत टोचणे सुरू झाले तर वाट न पाहता यायचे हे कागदावर लिहून दिले.

त्याआधी पंप ओढताना पाहिले. पंप दाबल्यावर ते श्वास घेत होते, म्हणजे औषध घशात आणि हवा फुप्फुसात. पाच वर्षांत कोणी पाहिले नव्हते. मधे नळकांडे जोडून दिले, श्वास हळू ओढून दहा आकडे रोखायला शिकवले, नंतर चूळ भरायची सवय लावली. सगळ्या रेण्विक चर्चेनंतर ही गोष्ट लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते, पण यातला कोणता भाग किती उपयोगी पडला हे मला वेगळे काढून दाखवता येणार नाही.

सिगारेटसाठी निकोटिनच्या पट्ट्या आणि दर आठवड्याला फोन. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी. आठ आठवड्यांचा फुप्फुस पुनर्वसनाचा कार्यक्रम, त्यात चालणे, मांड्यांचे व्यायाम, कफ काढण्याची श्वसनतंत्रे. रक्तातला ऑक्सिजन विश्रांतीत ९२ टक्के होता, म्हणून घरी ऑक्सिजन दिला नाही. त्यांनी मागितला होता, अनेक जण मागतात. इतक्या पातळीवर त्याने आयुष्य वाढत नाही आणि माणूस नळीला बांधला जातो. ॲझिथ्रोमायसिन राखून ठेवले.

वर्षानंतर

उसळी एक, घरीच निभावली. लक्षणांच्या ‘कॅट’ प्रश्नावलीत २४ वरून १५. चाळिसांपैकी गुण असतात आणि दोन गुणांचा फरकही रुग्णाला जाणवतो. सहा मिनिटांत ३६५ मीटर. धापेची श्रेणी २. वजन थोडे वाढून प्रमाण २१.३. ‘बोड’ पाचावरून दोनावर.

आणि एफईव्ही-१? १.६६ लिटर. चाळीस मिलिलिटरची वाढ, म्हणजे एकाच दिवशी दोनदा फुंकले तरी येईल इतका फरक. फाईलवर आजही ‘मध्यम’च लिहावे लागेल. वर्षभरापूर्वी दारातून खुर्चीपर्यंत येताना दमलेला माणूस आणि आज बोलत बोलत आत आलेला माणूस फुंकरीच्या कागदावर जुळे भाऊ आहेत.

बेडका पुन्हा घेतला. इओसिनोफिल दीड टक्क्यावर उतरले. न्यूट्रोफिल ६१ टक्के, जागचे हललेले नाहीत. कार्बन मोनॉक्साइड तीन, म्हणजे सिगारेट खरोखरच सुटली होती. तरी न्यूट्रोफिल आहेत तिथेच. या दुसऱ्या दाहापुढे आपण अजून हात टेकलेले आहोत. संधिवातात कमाल करणारे इन्फ्लिक्सिमॅब २००७ मध्ये सीओपीडीत वापरून पाहिले गेले, फायदा झाला नाही. इओसिनोफिलच्या बाजूला मात्र दारे उघडत आहेत. तिहेरी पंपावरही उसळणाऱ्या, ३०० च्या वर पेशी असलेल्या रुग्णांत २०२३ च्या चाचणीत ड्युपिलुमॅबच्या इंजेक्शनने उसळ्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्या गृहस्थांना त्याची वेळ आलेली नाही. वारंवार उसळणाऱ्यांचा एफईव्ही-१ वर्षाला ४०.१ मिलिलिटरने घसरतो आणि क्वचित उसळणाऱ्यांचा ३२.१ ने, असे २००२ च्या एका अभ्यासात आले होते. ती आठ मिलिलिटरची बचत दिसायला दहा वर्षे लागतील.

चौदाव्या महिन्यात फोन आला. बेडका हिरवा, धाप वाढलेली, थोडा ताप. हिरवा रंग न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा असतो, म्हणून पत्नीने रंग सांगितला तेव्हाच अर्धे उत्तर मिळाले होते. तरी बोलावून घेतले. एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन ९१. औषधाचा एकही कण देण्याआधी रक्त काढले. एकूण पेशी ११,२००, इओसिनोफिल ०.८ टक्के, म्हणजे ९०. दाह दाखवणारी सीआरपी ६८.

त्याच माणसाची, त्याच फुप्फुसातली उसळी, पण या वेळी दुसऱ्या दाहाची. उसळ्यांच्या अशा जाती असतात हे २०११ पासून माहीत आहे : जंतूंच्या, विषाणूंच्या, इओसिनोफिलच्या, आणि जिथे दाह फारसा दिसतच नाही अशा. डेन्मार्कमधल्या २०१९ च्या चाचणीत भरती रुग्णांना इओसिनोफिल पाहून स्टिरॉइड दिले तेव्हा स्टिरॉइडचे दिवस कमी झाले आणि रुग्णांचे घरी काढलेले दिवस कमी झाले नाहीत. एरवी पाच दिवस ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या, ही माझी ठरलेली चिठ्ठी. या वेळी फक्त अँटिबायोटिक लिहिले आणि तिसऱ्या दिवशी परत यायला सांगितले.

पत्नीने चिठ्ठी दोनदा वाचली. “त्या गोळ्या नाहीत?”

मी रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी आकड्याआधी वरची वेळ पाहिली, सकाळी ९ वाजून १० मिनिटे, आणि विचारले, “सलाईन लावायच्या आधीचं आहे ना हे?”

सातव्या दिवशी बेडका पांढरा झाला. धाप उतरायला आणखी दोन आठवडे गेले.